ग्वाल्हेर किल्ल्यावरचं पाणी : आधी आकार, मग आकडा

ग्वाल्हेरचा किल्ला एकट्या डोंगरावर आहे. माथ्यावर नदी नाही, त्यामुळे पावसाचं पाणी साठवणं हाच मोठा आधार. इल्तुतमिशने 1232 साली हा किल्ला घेतला तो अनेक महिन्यांच्या वेढ्यानंतर. तेव्हा ‘पाणी किती दिवस पुरलं असतं?’ हा प्रश्न इतिहासाचाच आहे. मात्र ‘तोंडाची लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली’ एवढ्यावर तो सुटत नाही.

आधी आकार ठरवावा. ढोबळ मानाने तीन प्रकार :

1. खाली अरुंद होत जाणारं, पायऱ्यांचं कुंड.
2. गोल बावडी. मानसिंह तोमरांची अस्सी खंबा बावडी गोल आहे. उभ्या गोल भागासाठी त्रिज्येचा वर्ग × 3.14 × पाण्याची खोली.
3. खडकाच्या पोटातलं, खांबांवर छत तोललेलं टाकं. सह्याद्रीत आपण त्याला खांबटाकं म्हणतो. इथे एकूण मापातून पाण्यात बुडालेले खांब वजा करायचे. 60 सेंमी चौरस असे 20 खांब 3 मीटर पाण्यात असतील, तर 21,600 लिटर जागा खांबांनीच खाल्ली!

फसगत होते ती पहिल्या प्रकारात. हिशेबापुरतं एक कुंड धरू : तोंड 30 × 20 मीटर, तळ 18 × 8, खोली 6. यासाठी भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) खातव्यवहारात, म्हणजे खोदकामाच्या गणितात, नेमकी रीत आहे. तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि दोन्हींच्या बाजूंची बेरीज करून येणारं क्षेत्रफळ, या तिन्हींची बेरीज घ्या, 6 ने भागा, खोलीने गुणा.

600 + 144 + (48 × 28 = 1,344) = 2,088
2,088 ÷ 6 × 6 = 2,088 घनमीटर

म्हणजे जवळजवळ 21 लाख लिटर. तोंड गुणिले खोली केलं असतं तर 3,600 घनमीटर आले असते. माणशी रोज 10 लिटर धरून हजार माणसांना खरं पाणी सुमारे 208 दिवस पुरतं, चुकीच्या हिशेबाने 360 दिवस. सात महिन्यांचा वेढा कागदावर वर्षभराचा होतो! बाष्पीभवन धरलं तर उघड्या कुंडाचे दिवस आणखी घटतात. छताखालच्या टाक्याचा फायदा तिथेच.

गाळाचंही तसंच. याच कुंडात तळाशी 1 मीटर गाळ साचला तर खोली सहाव्या हिश्श्याने कमी दिसते, पण पाणी घटतं सुमारे 171 घनमीटर, म्हणजे जेमतेम 8 टक्के. कारण तळ अरुंद आहे. गाळ काढायचा खर्च ठरवताना हे उपयोगी पडतं.

मोजून लिहिण्याची रीत या किल्ल्याला नवी नाही. वर जाणाऱ्या वाटेवरच्या चतुर्भुज मंदिरातला शून्याचा शिलालेख (इ.स. 876) प्रसिद्ध आहे; त्यात बागेचं माप 270 × 187 हात असं दिलं आहे. आपणही कुंडाची नोंद करताना नुसतं ‘भव्य’ लिहून थांबू नये. तोंड, तळ, खोली, खांब आणि गाळ ही पाच मापं लिहावीत. पुढचा अभ्यासक त्यावरून आकडा पुन्हा तपासू शकेल.