हार्डवेअर-क्षमतेचे चुकीचे निवेदन व ड्रायव्हरमधील दुरुस्ती
संगणकाला जोडलेले उपकरण स्वतःच्या क्षमतेविषयी जी माहिती देते ती वस्तुस्थितीशी जुळत नसेल, तर ती माहिती दुरुस्त करून किंवा तिच्याकडे दुर्लक्ष करून उपकरण वापरता यावे यासाठी ड्रायव्हरमध्ये केलेली तरतूद. लिनक्स या परिचालन प्रणालीत अशा तरतुदीस ‘क्वर्क’ (विक्षिप्तपणा) म्हणतात.

उपकरण जोडताच ड्रायव्हर त्याला ठराविक प्रश्न विचारतो आणि मिळालेली उत्तरे खरी मानून पुढील व्यवहार करतो. ही उत्तरे उपकरणातील फर्मवेअर देते. मानकाचा अर्थ लावताना झालेली चूक किंवा अपुरी चाचणी यांमुळे ती चुकू शकतात.

यूएसबी साठवण-उपकरणांतील एक दोष या दृष्टीने बोधप्रद आहे. ‘रीड कपॅसिटी’ या स्काझी आज्ञेच्या उत्तरात शेवटच्या सेक्टरचा क्रमांक द्यावयाचा असतो, एकूण संख्या नव्हे. क्रमांकन शून्यापासून होत असल्याने १,००० सेक्टरांच्या उपकरणाने ९९९ हे उत्तर दिले पाहिजे. ड्रायव्हर त्यात एक मिळवून संख्या काढतो. काही उपकरणे मात्र १,००० असेच उत्तर देतात व ड्रायव्हरच्या हिशेबी १,००१ सेक्टर होतात. हा एका सेक्टरचा फरक क्षुल्लक नाही. जीपीटी विभाजन-पद्धतीत कोष्टकाच्या शीर्षाची राखीव प्रत शेवटच्याच सेक्टरमध्ये असते, म्हणून तो सेक्टर प्रारंभीच वाचला जाण्याचा संभव असतो. अस्तित्वात नसलेला सेक्टर मागितल्यावर उपकरणाने त्रुटी कळवावी, ही अपेक्षा. प्रत्यक्षात काहींचे फर्मवेअर तेथेच ठप्प होते आणि उपकरणातील सर्वच माहिती दुष्प्राप्य होते.

यावर लिनक्समध्ये दोन मार्ग आहेत. पहिल्यात उत्पादक-क्रमांक, उत्पादन-क्रमांक व आवृत्ती यांवरून सदोष उपकरणांची सूची ठेवलेली असते. उपकरण सूचीत आढळल्यास संख्येतून एक वजा केला जातो. दुसरा मार्ग अनुमानाचा आहे. खऱ्या उपकरणांत सेक्टरसंख्या बहुधा सम असते. म्हणून विषम संख्या आल्यास ती एकाने कमी करतात. अनुमान चुकल्यास निर्दोष उपकरणाचा शेवटचा सेक्टर, व त्याबरोबर जीपीटीची राखीव प्रत, दृष्टिआड होते. त्यामुळे हा नियम सरसकट न लावता निवडक उपकरणांनाच लावणे इष्ट ठरते. सूचीत नसलेल्या उपकरणासाठी वापरकर्त्यास ‘यूएसबी-स्टोरेज’च्या ‘क्वर्क्स’ या प्राचलातून दुरुस्ती स्वतः सुचविता येते.

अन्यत्रही असे दोष आढळतात. मॉनिटर आपली माहिती ईडीआयडी या संरचनेतून देतो. तिच्या तपशीलवार कालमापन-नोंदीत पडद्याचे आकारमान मिलिमीटरमध्ये अपेक्षित असता काहींनी ते सेंटिमीटरमध्ये नोंदविले आहे. याहून गंभीर प्रकार न झेपणाऱ्या क्षमतेचा दावा करण्याचा. २०११ मधील साटा ३.१ या आवृत्तीत आलेली रांगेतील ट्रिम आज्ञा आपण पाळतो असे काही घनावस्था डिस्क कळवितात, परंतु तिच्या वापरात त्या बिघडतात. अशा डिस्कांसाठी लिनक्समध्ये ही सोय बंद ठेवून रांगेविना ट्रिम देतात. वेग काहीसा घटतो, पण माहिती सुरक्षित राहते.

सूचीच्या मार्गालाही मर्यादा आहेत. एकाच क्रमांकाखाली निरनिराळ्या चिप विकल्या जातात आणि उत्पादकाने फर्मवेअर सुधारले तरी जुनी नोंद लागू राहू शकते. म्हणून नोंदीत आवृत्तीची किमान व कमाल मर्यादा घालतात आणि ती कोणत्या दोषासाठी केली हे टीपेत लिहितात. टीप नसलेली नोंद काढून टाकण्याचे धाडस पुढे सहसा कोणी करीत नाही.