उभ्या गाडीचे पाणी का उकळते?

धावताना थंड राहणारी आणि उभी केली की तापणारी गाडी तालुक्याच्या गावी कुणी पाहिली नाही असे नाही. रस्त्याने चाळीसच्या वेगाने जाताना काटा जागचा हलत नाही. पण रेल्वेच्या फाटकाशी दहा मिनिटे थांबा, की काटा चढू लागतो आणि बॉनेटखालून वाफ येते. अशा गाडीची चौकशी केली तर पुष्कळदा कळते, की तिचे मूळचे एंजिन काढून दुसरे बसवलेले आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत विलिस जीप जोडली जाऊ लागली. तिचे एंजिन पेट्रोलचे, सुमारे २.२ लिटरचे. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा पुष्कळ मालकांनी तिच्यात डिझेल एंजिन बसवून घेतले. जुन्या अँबॅसिडरचेही तेच झाले. खर्च उतरला हे खरे; पण रेडिएटर जुना, त्याची जागा जुनी, आणि पंखा मात्र नव्या एंजिनाबरोबर आलेला. या दोघांचे जमेलच असे नाही. मग गाडी तापते, मालक मोठा रेडिएटर आणतो, हजारो रुपये मोजतो, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडी पुन्हा फाटकाशी उकळते. पैसे गेले ते गेलेच. वरचेवर तापून हेडचे गॅस्केट जळाले म्हणजे एंजिनच उघडावे लागते.

येथे आपण थोडा हिशेब करू. शिक्षक मित्रांना तो वर्गातही करून घेता येईल. एंजिनातली उष्णता पाणी रेडिएटरपर्यंत आणते. तेथून ती न्यायची असते हवेने. आता हवा किती हलकी! एक लिटर पाण्याचे वजन १,००० ग्रॅम, तर एक लिटर हवेचे जेमतेम सव्वा ग्रॅम. शिवाय वजनास वजन घेतले तरी हवा पाण्याच्या सुमारे एक चतुर्थांशच उष्णता घेते. म्हणजे एक लिटर पाणी एक अंशाने निवायचे, तर सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापली पाहिजे. समजा, उभ्या गाडीच्या रेडिएटरमधून मिनिटाला २० लिटर पाणी जाते आणि ते ३ अंशांनी निवते. हवा ३० अंशांनी तापून बाहेर पडते. तर मिनिटाला ७,००० लिटर हवा लागेल. दहा फूट लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच खोली घ्या; तिच्यातली सगळी हवा चार मिनिटांत त्या जाळीतून ओढली गेली पाहिजे.

गाडी पळत असताना हे काम वारा फुकट करतो. उभी राहिली, की सारा भार एकट्या पंख्यावर. म्हणून खूण लक्षात ठेवा. गाडी वेगात किंवा घाट चढताना तापत असेल, तर पाण्याकडे पाहा: रेडिएटर क्षाराने भरला असेल, पंप झिजला असेल. उभी असतानाच तापत असेल, तर प्रथम हवेकडे पाहा. डिझेल एंजिन तर जागेवर चालताना इंधन फार थोडे जाळते. तेही उकळत असेल, तर माझ्या मते मांडणीतच काही चुकलेले असते.

हवेची परीक्षा करायला वर्तमानपत्राचे एक पान पुरते. एंजिन गरम करून जागेवर चालू ठेवा आणि पान रेडिएटरच्या पुढच्या अंगाला धरा. (उपरणे, पदर, बाह्या पंख्यापासून दूर.) पान जाळीला घट्ट चिकटले, तर पंखा ओढतो आहे. आता ते चारी कोपऱ्यांवर धरून पाहा. बहुतेक वेळा मधे चिकटते आणि कोपऱ्यांवर गळून पडते. याचा अर्थ अर्धा रेडिएटर रिकामा बसला आहे!

याचे कारण सहसा एकच. पंख्याभोवती पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे कडे असते. नव्या एंजिनावर ते बसत नाही, म्हणून मिस्त्री ते काढून कोपऱ्यात टाकतात. ते कडे शोभेचे नव्हे. त्याच्यामुळेच पंखा साऱ्या जाळीतून हवा ओढतो. ते नसले तर बाजूचीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा घुसळत राहतो. गावच्या पत्रेकाराकडून नवे करून घ्या. ते रेडिएटरच्या चारी कडांना बंद बसावे, पंख्याची पाती खोलीच्या मानाने निम्मी आत आणि निम्मी बाहेर राहावीत, आणि पात्याच्या टोकाभोवती सुमारे एक इंच मोकळे असावे. याहून कमी ठेवू नये, कारण एंजिन आपल्या रबरांवर हलते. रेडिएटर आणि बॉडी यांमधल्या फटीही रबराच्या पट्ट्यांनी बुजवाव्यात.

पान चिकटण्याऐवजी उडून गेले, तर पंखा हवा पुढे फेकतो आहे. विजेच्या पंख्याच्या दोन तारा उलट जोडल्या की असे होते. काही एंजिनांत पट्ट्याची मांडणी निराळी असते आणि पंप उलटा फिरतो. त्याला जुना पंखा लावला तरी हेच घडते. तेथे काहीजण पंखा काढून पालथा बसवतात. त्याने दिशा बदलत नाही. स्क्रू पालथा धरला म्हणून त्याचे आटे उलटे होत नाहीत, तसेच पात्यांचे आहे. फक्त जोर मात्र कमी होतो. उलट आट्याचा पंखाच आणावा लागतो.

हवा ठीक असूनही तापले, तर उंची पाहा. नवे एंजिन रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच बसले असेल, तर पाणी भरताना हवा वरच अडकते. गाडीचे तोंड चढाकडे करून, एंजिन थंड असताना सावकाश पाणी भरावे. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे फार हौस आहे. उभ्या गाडीच्या या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही.

झाकणही तपासावे. सुमारे ०.९ किलो दाबाचे चांगले झाकण असले, तर साधे पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळते. महाबळेश्वरी उघड्या भांड्यात ते ९५-९६ अंशांनाच उकळते. पण हाच दाब घातकही आहे. तापलेले झाकण उघडताच पाण्याची एकदम वाफ होऊन ती हातातोंडावर येते. फाटकाशी काटा चढू लागला, तर गिअर काढून रेस किंचित वाढवा. पट्ट्यावरचा पंखा आणि पंप दोन्ही जोरात फिरतील. तरी वाफ आली, तर एंजिन बंद करा आणि अर्धा तास तरी झाकणाला हात लावू नका. तापल्या एंजिनावर गार पाण्याची बादली ओतणारे पुष्कळ मदतनीस तेथे जमतील. त्यांना हात जोडून थांबवा. बिडाला तडा जातो.