उघड्या जीपचा तळ सडलाय? पत्र्यावर पत्रा ठोकण्याआधी हे वाचा

पावसाळा सरला की गावोगावी ताडपत्रीखाली झाकलेल्या जुन्या जीप बाहेर निघतात. बॅटरी बदलली, कार्बोरेटर साफ केला की इंजिन धुगधुगायला लागतं. रंगाचा हात मारला की फोटोही झकास येतो. पण पायाखालचं रबरी मॅट उचललं की खरी हालत कळते. पत्र्याची चाळण झालेली असते आणि खालची जमीन दिसते.

महिंद्राने १९४७ पासून विलीज कंपनीच्या जीप आपल्याकडे जोडायला घेतल्या. त्यातली उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात बनली, आपल्याकडे मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं बनत राहिली. म्हणून ग्रामीण भागात ही गाडी अजून सापडते.

उघड्या गाडीचा तळच आधी का सडतो? टपाचं कापड फाटलं की पाणी थेट आत येतं आणि मॅटखाली मुरतं. पाणी निघून जायला तळाला भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. त्यात जीपमधून खताची पोती वाहिलेली असतात. सांडलेलं खत म्हणजे मीठच, ते हवेतली ओल धरून ठेवतं आणि गंज झपाट्याने पसरवतं. कोकणात खारी हवा हेच काम करते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे रंगाखाली पत्रा फुगलेला दिसला तर समजायचं, आतून काम सुरू झालंय.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. जाड स्क्रूड्रायव्हर घ्यायचा आणि त्याच्या मुठीने तळावर ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणतो, सडका भदभद वाजतो. जिथं शंका येते तिथं टोक दाबून बघायचं, आत घुसलं तर तेवढा भाग गेला. सीट जिथं बोल्टने बसते ती जागा, पेडलच्या भोवतालची जागा आणि तळाखालच्या आडव्या पट्ट्या नीट बघाव्यात. सीजे-३बी मध्ये ब्रेक आणि क्लचचे पेडल तळातूनच वर येतात. सीटचा बोल्ट सडक्या पत्र्यात असेल आणि जोरात ब्रेक मारला, तर सीटसकट माणूस पुढे जाईल. नुसत्या दिसण्याचा प्रश्न असता तर एवढं लिहायचं कारण नव्हतं.

वेल्डिंगआधी टाकी उतरवा

या जीपची पेट्रोल टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे जिथं कापायचं आणि जोडायचं त्याच्या अगदी शेजारी. ‘टाकी रिकामी आहे, काही होत नाही’ असं म्हणणारे भेटतात. पण भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त घातक, ती ठिणगीने भडकते. टाकी काढून लांब ठेवायची, बॅटरीची वायर सोडायची, तळाखालून जाणारी ब्रेकची नळी आणि वायरिंग बाजूला घ्यायचं. जवळ वाळूची बादली आणि एक माणूस हवाच.

गावाकडे सर्रास होतं ते असं: सडक्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवायचा, चार टाके मारायचे, वरून डांबर फासायचं. दोन पावसाळे जातात, मग दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलेलं पाणी नवाही खातं. एम-सील किंवा फायबरनेही हेच होतं. सडलेला भाग चांगल्या, चमकत्या पत्र्यापर्यंत कापून काढणं हाच मार्ग.

नवा तुकडा आधी पुठ्ठ्यावर बेतून घ्यावा. जीपला साधारण १६ गेजचा, हलक्या कारला १८ गेजचा सीआर पत्रा चालतो. पन्हाळीचा जीआय पत्रा टाळलेला बरा. त्यावरचं जस्त जळून निघणारा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. गेट-ग्रिलच्या कामाची साधी रॉड वेल्डिंग पातळ पत्र्याला भोकं पाडते, म्हणून सीओटू वेल्डिंगवाला गाठावा. सलग रेघ ओढली तर पत्रा तापून वाकतो. इकडे एक टाका, मग पार तिकडे एक, थंड होऊ द्यायचं, मग मधले, असं करत जावं. वेळ लागतो, पण तळ सपाट राहतो.

जीपला खाली वेगळी चेसिस असते, तरीही दोन्ही बाजू एकदम कापू नयेत. ज्या उघड्या टपाच्या कारला वेगळी चेसिस नसते, तिथं तर तळच गाडीचा कणा असतो. दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून न आवळता तळ कापला, तर गाडी मधोमध खचते आणि दारं लागत नाहीत.

जोड झाल्यावर सांध्यात सीलर भरावा. रेड ऑक्साइड एकट्याने पाणी अडवत नाही, तेव्हा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर रंग, दोन्ही बाजूंनी. जळकं ऑइल फासायची सवय सोडावी, त्याने चेसिस आणि बॉडीमधली रबरं फुगतात. भोकं मोकळी ठेवावीत आणि मॅट चिकटवू नये, म्हणजे अधूनमधून उचलून बघता येतं.

कागदपत्रांचंही बघा

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, फी २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. शिवाय चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा ही अट आहे. त्यामुळे कापायला घेण्याआधी तळाचे आणि चेसिस नंबरचे फोटो काढून ठेवावेत, आणि त्या नंबराच्या जवळपास ग्राइंडर फिरकू देऊ नये.