तीनशे सत्त्याहत्तर मतं

बेलापूरच्या आमदार मंदा म्हात्रे आधी राष्ट्रवादीकडून विधान परिषदेवर होत्या. २०१४ च्या निवडणुकीच्या तोंडावर त्या भाजपमध्ये आल्या आणि समोर उभे होते गणेश नाईक, ठाण्याचे पालकमंत्री. आमच्या नेरुळच्या सोसायटीत कुणालाच त्यांची खात्री नव्हती. त्या सुमारे दीड हजार मतांनी जिंकल्या.

खरी कसोटी पुढे होती. २०१९ मध्ये नाईकच भाजपमध्ये आले. तरी बेलापूरचं तिकीट म्हात्रेंकडेच राहिलं. २०२४ मध्ये गणेश नाईकांचे पुत्र संदीप नाईक शरद पवारांच्या पक्षातून म्हात्रेंसमोर उभे राहिले. म्हात्रे जिंकल्या, पण फरक फक्त ३७७ मतांचा! आमच्यासारख्या दोन-तीन सोसायट्यांचीच मतं म्हणा ना.

महापालिकेत बायकांना निम्म्या जागा राखीव आहेत, विधानसभेत अजून नाहीत. म्हणून खुल्या मतदारसंघातले हे तीन विजय मला फार मोलाचे वाटतात. गावठाणातल्या प्रकल्पग्रस्तांची गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करा, ही म्हात्रेंची जुनी मागणी. सिडकोने ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांच्या पोरांनी वाढत्या कुटुंबासाठी मजला चढवला, तर तो बेकायदा ठरतो. हा प्रश्न सुटायलाच हवा, आमदार कुणीही असो.