जर्मनीत पीएचडी केली, मग तिथल्या पेन्शनचं काय?

जर्मनीतून पीएचडीची ऑफर आली की आपण काय बघतो? गाईड कोण, प्रोजेक्ट काय आणि हातात किती युरो पडणार. पण तुम्ही तिथे कर्मचारी म्हणून लागणार की स्कॉलरशिपवर, हेही बघून घ्या. पेन्शनचा सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो.

डाडसारख्या स्कॉलरशिपवर असाल तर पेन्शनसाठी काहीच कापलं जात नाही, त्यामुळे पुढे काही मिळतही नाही. विद्यापीठाचा नोकरीचा करार असेल तर मात्र पगाराच्या 18.6 टक्के रक्कम सरकारी पेन्शन विम्यात जाते. त्यातली निम्मी, म्हणजे 9.3 टक्के, तुमच्या पगारातून आणि निम्मी विद्यापीठाकडून.

अडचण पुढे आहे. जर्मन पेन्शन मिळायला किमान 60 महिन्यांचा विमा लागतो आणि पीएचडी तर बहुधा तीन-चार वर्षांत संपते. मग भारतात परतल्यावर हे पैसे बुडाले का? नाही. तुमच्यापुढे दोन रस्ते असतात.

पहिला रस्ता: पैसे परत घेणे. 60 महिने भरले नसतील, तुम्ही युरोपियन युनियनच्या बाहेर राहत असाल आणि विमा थांबून 24 महिने झाले असतील, तर परतावा मागता येतो. पण मिळतो तो फक्त तुमचा वाटा. विद्यापीठाचा वाटा मिळत नाही, व्याजही नाही. शिवाय एकदा परतावा घेतला की त्या महिन्यांवरचा हक्क कायमचा संपतो.

दुसरा रस्ता: महिने जोडणे. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे. त्यानुसार भारतातल्या ईपीएसचे, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचे, महिने 60 च्या अटीसाठी धरले जातात. उलटंही चालतं: ईपीएसच्या 10 वर्षांच्या अटीसाठी जर्मनीतले महिने मोजता येतात. जोडले जातात ते फक्त महिने, पैसे नाहीत. प्रत्येक देश आपल्याकडच्या काळापुरतीच पेन्शन देतो.

आता आकडे बघू. समजा महिना 3,000 युरो एकूण पगारावर चार वर्षं काढली. परतावा घेतला तर साधारण 13,400 युरो मिळतील. पेन्शन ठेवली तर? जर्मनीत वर्षभर सरासरी पगार मिळवला की एक गुण मिळतो. 2025 साठी ही सरासरी 50,493 युरो धरली आहे, म्हणजे तुमचे चार वर्षांचे गुण सुमारे 2.85. जुलै 2025 पासून एका गुणाचे महिना 40.79 युरो मिळतात. म्हणजे वयाच्या 67 व्या वर्षापासून आजच्या दराने महिना साधारण 116 युरो, तेही हयातभर. साडेनऊ-दहा वर्षांत परताव्याएवढी रक्कम वसूल होते. गुणाचा दर दरवर्षी जुलैत नव्याने ठरतो. पण तिशीत हातात आलेले 13,400 युरो 67 पर्यंत नीट गुंतवले तर तेही बरेच वाढतील. त्यामुळे एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही.

मात्र दुसऱ्या रस्त्यासाठी वरच्या उदाहरणात भारतातले किमान 12 महिने लागतात, आणि गडबड नेमकी इथे होते. जेआरएफची फेलोशिप यात धरली जात नाही, कारण तिच्यावर ईपीएस नसतं. कंपनीतली नोकरीही तपासून बघा. 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा पीएफ लागला आणि मूळ पगार व डीए मिळून 15,000 रुपयांच्या वर असेल, तर तुम्ही ईपीएसमध्ये नसता. पासबुकात पेन्शनचा रकाना असतो, तो पाहा.

पीएचडीला निघण्याआधी नोकरी सोडताना अनेक जण फॉर्म 10 सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेतात. तसं केलं की ती सेवा मोडीत निघते. त्याच फॉर्मवर योजना प्रमाणपत्रही मागता येतं. ते घेतलं तर महिने शाबूत राहतात.

शेवटी कागदपत्रं. जर्मन पेन्शन विमा क्रमांक, दरवर्षी विद्यापीठाकडून मिळणारं विम्याचं नोंदपत्र आणि नोकरीचा करार स्कॅन करून ठेवा. पेन्शन आपोआप सुरू होत नाही, अर्ज करावाच लागतो. हक्क सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज केला नाही, तर पेन्शन अर्जाच्या महिन्यापासूनच मिळते. भारतात यासाठीची संपर्क संस्था ईपीएफओ आहे.

थिसिसचा बॅकअप तर तुम्ही तीन-तीन ठिकाणी ठेवताच. त्याच फोल्डरमध्ये हे कागदही टाका.