गळाची काठी

गळ टाकून बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. कोकणात बंदराच्या धक्क्यावर, खाडीच्या काठी आणि किनाऱ्यावरच्या खडकांवर अशी माणसे नेहमी दिसतात. कोणाच्या हातात साधी बांबूची काठी असते, तर कोणाच्या हातात दुकानातून आणलेली चकचकीत काठी असते. काही हौशी लोक मात्र तयार काठी घेत नाहीत. ते वेगवेगळे भाग आणतात आणि आपल्याला हवी तशी काठी घरी बांधतात. हे भाग कसे निवडतात, ते आपण पाहू.

भाग निवडण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे ठरवावी लागतात. मासा कोणता पकडायचा? आणि आपण उभे कोठे राहणार? वाळूच्या किनाऱ्यावरून लाटांच्या पलीकडे गळ फेकायचा असेल, तर दहा ते बारा फूट लांबीची काठी लागते. होडीत बसून मासे धरायचे असतील, तर सहा-सात फुटांची काठी पुरते. खाडीतला जिताडा मोठा ताकदवान मासा आहे. त्याला रोखायला ताठ आणि मजबूत काठी हवी. पण तीच काठी लहान माशांसाठी घेतली, तर मासा गळाला लागला हे हाताला कळतही नाही.

काठीचा मुख्य भाग म्हणजे तिची लांब नळी. ती बुंध्याशी जाड आणि शेंड्याकडे निमुळती असते. पूर्वी काठ्या बांबूच्या किंवा लाकडाच्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचेच्या तंतूंच्या काठ्या आल्या आणि 1970 नंतर कार्बनच्या तंतूंच्या काठ्या आल्या. काचतंतूची काठी थोडी जड असते, पण ती खूप वाकते आणि आपटली तरी सहसा मोडत नाही. कार्बनची काठी हलकी आणि ताठ असते. माशाचा बारीकसा हिसकाही तिच्यातून हाताला जाणवतो. मात्र खडकावर आपटली, तर तिला चीर पडू शकते.

नळीवर ओळीने कड्या बसवतात. त्यांतून नायलॉनचा दोरा, म्हणजे तंगूस, जातो. साधारणपणे काठी जितके फूट लांब, तितक्या कड्या आणि शेंड्याला आणखी एक, असा हिशेब करतात. काही रिळांवरून दोरा मोठी वेटोळी घेत सुटतो. अशा वेळी रिळाजवळची कडी मोठी घेतात आणि पुढच्या कड्या क्रमाने लहान होत जातात. कड्या कमी पडल्या, तर काठी वाकल्यावर सगळा ताण एकाच जागी येतो. कड्या फार झाल्या, तर काठी उगाच जड होते.

कडीची आतली बाजू गुळगुळीत असली पाहिजे. तिला बारीक चीर असेल, तर दोरा घासून तुटतो. ही चीर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कापसाचा लहान बोळा कडीतून फिरवून पाहतात. कापसाचे तंतू अडकले, तर ती कडी बदलावी.

मूठ बुचाची किंवा फोमची असते. बूच म्हणजे ओकच्या जातीच्या एका झाडाची साल. पोर्तुगालमध्ये या सालीचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होते. झाड न तोडता ही साल काढतात आणि ती पुन्हा वाढते. बुचाची मूठ हलकी असते आणि ओल्या हातातूनही सहज निसटत नाही. रीळ बसवण्याचा भाग मात्र न गंजणारा घ्यावा, कारण खारे पाणी लोखंडाला लवकर खाते.

दोरा निवडताना बरेच जण चुकतात. जितका जाड दोरा तितके चांगले, असे त्यांना वाटते. पण गळ खडकात अडकला आणि आपण जोराने ओढले, तर काहीतरी तुटणारच. दोरा काठीला झेपेल असा असेल, तर दोरा तुटतो आणि काठी वाचते. दोरा फार जाड असेल, तर काठीच मोडते. उलट तो फार बारीक असेल, तर मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो आणि पुढे हाल होऊन मरूही शकतो. म्हणून दोरा काठीच्या ताकदीला शोभेल असा असावा.

आणखी एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. कार्बनमधून वीज वाहते. कार्बनची लांब काठी उभी धरून विजेच्या तारांखालून जाणे जिवावर बेतू शकते. अशा ठिकाणी कोणतीही काठी आडवी व खाली धरावी. आकाशात वीज चमकू लागली, तर ती खाली ठेवून लगेच सुरक्षित जागी जावे.

सर्वांत महाग भाग एकत्र जोडले म्हणजे चांगली काठी होते, असे नाही. नळी, कड्या, मूठ, रीळ आणि दोरा एकमेकांना जुळले, तरच ती काठी वर्षानुवर्षे साथ देते.