धक्का लागला, हे सांगायचे कुणी?

मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, भिवंडीलगतच्या काल्हेर, पूर्णा, दापोडे, मानकोली या पट्ट्यात गोदामे वाढली, तेव्हा माल बहुतेक जमिनीवरच असायचा आणि थप्पी माथाडींच्या हातांनी लागायची. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाल्यावर करासाठी राज्याराज्यांत छोटी गोदामे राखण्याची गरज कमी झाली. माल थोड्या पण मोठ्या छपरांखाली एकवटू लागला आणि लोखंडी रॅकवर दहा-बारा मीटरपर्यंत चढू लागला. या रॅकच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की वर्षातून एकदा येणारा तपासनीस आणि भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र एवढ्यावरच बोलणे थांबते. खरे तर रॅक उभा राहील की नाही, हे फोर्कलिफ्टचा चालक ‘खांबाला धक्का लागला’ हे त्याच पाळीत बिनधास्त सांगू शकतो का, यावर जास्त अवलंबून असते.

रॅकचा खांब दिसतो भक्कम, पण तो भरीव नसतो. साधारण दीड ते तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा वाकवून, त्याला ओळीने खाचा पाडून तो बनवतात. त्याची ताकद पत्र्याच्या जाडीपेक्षा त्याच्या घडीत आणि सरळपणात असते. एका कप्प्यात बीमवरचे चार मजले आणि प्रत्येक मजल्यावर एकेक टनाचे दोन पॅलेट धरले, तर कप्प्याचा भार आठ टन होतो. मधल्या फ्रेमवर दोन्हीकडच्या कप्प्यांचा निम्मा निम्मा भार येतो आणि तो पुढच्या-मागच्या खांबांत वाटला जातो. म्हणजे प्रत्येक खांबाच्या तळाशी चार टन. फोर्कलिफ्टचा काटा किंवा मागचा भाग वळताना आदळतो तोही बहुधा याच तळच्या मीटरभरात. सर्वाधिक भार सोसणारा भागच सर्वाधिक मार खातो आणि एक खांब दुमडला की बीममधून जोडलेले शेजारचेही ओढले जातात. २ ऑक्टोबर २०२० रोजी ब्राझीलमधल्या साओ लुईस शहरातील एका घाऊक सुपरमार्केटात एकामागोमाग रॅक कोसळले. त्यात एक कर्मचारी ठार झाला, आठ जखमी झाले.

तपासणीचे मूळ साधन अगदी साधे आहे, एक मीटर लांबीची सरळ पट्टी. ती खांबाला टेकवायची आणि मधली फट मोजायची. युरोपातील ईएन १५६३५ या मानकानुसार, आणि आपल्याकडचे अनेक तपासनीसही त्याचाच आधार घेतात, बीमच्या दिशेने वाकलेल्या खांबाला ५ मिलिमीटर आणि फ्रेमच्या खोलीच्या दिशेने वाकलेल्याला ३ मिलिमीटरपर्यंत मुभा आहे. आडव्या-तिरप्या ब्रेसिंगला १०. मर्यादेच्या आत हिरवा शेरा, मर्यादा ओलांडली की पिवळा आणि दुपटीच्या पुढे लाल. लाल म्हणजे माल ताबडतोब उतरवायचा. पिवळा म्हणजे आहे तो माल निघाल्यावर दुरुस्तीपर्यंत नवा चढवायचा नाही. दुरुस्ती म्हणजे मात्र हातोड्याने ठोकून सरळ करणे आणि वर रंग फासणे नव्हे. थंड अवस्थेत घडवलेला पत्रा एकदा दुमडला की ठोकून त्याची मूळ ताकद परत येत नाही. खांबच बदलावा लागतो. बीम जागेवर धरणारी सेफ्टी पिन गायब असेल, तर खालून लागलेला काटा बीम सहज उचलून बाहेर काढतो. मोठ्या आकाराचा माल बसावा म्हणून कुणी मधला बीमच काढून टाकला, तर नुकसान डोळ्यांना दिसतही नाही. ऑयलरच्या सूत्राप्रमाणे सडपातळ खांबाची आधाराविना उंची दुप्पट झाली, तर त्याची वाकण्यापूर्वीची भारक्षमता तत्त्वतः चौथाईवर येते.

आता वार्षिक तपासणीकडे पाहू. तपासनीस मार्चमध्ये येऊन गेला आणि एप्रिलमध्ये खांब आठ मिलिमीटर आत गेला, तर पुढचे अकरा महिने ते प्रमाणपत्र त्या खांबाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणूनच ते मानक वार्षिक तपासणीआधी जबाबदार व्यक्तीची नियमित, शक्यतो दर आठवड्याची पाहणी मागते, आणि त्याच्याही आधी नुकसान दिसताच कळवणे. ही पहिली पायरीच आपल्याकडे सर्वांत कच्ची राहते, कारण तिची किंमत चालकाच्या खिशातून वसूल होण्याची भीती असते. कंत्राटदाराकडून आलेल्या, उद्या कामावर असू की नाही याची खात्री नसलेल्या माणसाकडून खांबाचे पैसे कापले जाणार असतील, तर तो पॅलेट पुढे सरकवून पोचा झाकेल, आणि त्याला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही.

दंड नसला तर चालक बेफिकीर होतील, हा आक्षेप नेहमी येतो. वारंवार धडकणाऱ्या चालकाला पुन्हा प्रशिक्षण द्यावे, प्रसंगी गाडीवरून उतरवावे. पण तेही नोंद असेल तरच कळणार. शिवाय एकाच वळणावर चार वेगवेगळ्या चालकांचे धक्के नोंदले गेले, तर दोष गल्लीच्या रुंदीत किंवा उजेडात आहे हे त्या नोंदीतूनच उमगते. दुसरे म्हणणे असते की खांबांना गार्ड बसवले आहेत. कोपऱ्यावरच्या गार्डने ४०० जूल ऊर्जा झेलावी, अशी युरोपीय मानकाची अपेक्षा आहे. मालासकट चार टनांची फोर्कलिफ्ट ताशी ५ किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने, आदळली तरी तिच्यात जवळपास ३,९०० जूल असतात. गार्ड हवाच, पण तो ओरखड्यांसाठी. डिझाइनमध्ये धरलेला जादा ताकदीचा वाव हाही सरळ खांब गृहीत धरून काढलेला असतो. वाकलेल्या खांबाने त्याच्या भरवशावर राहू नये.

सर्वांत वजनदार अडचण दिवाळीआधीच्या हंगामाची आहे. गाड्या दारात उभ्या, रॅक भरलेले, अशा वेळी लाल शेऱ्याचा खांब भारमुक्त करायचा म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांतील जागा अडते आणि रवानगीचे वेळापत्रक बिघडते. हा तोटा खरा आहे. तो कमी करायचा तर चार-सहा जादा खांब, बीम आणि मूठभर सेफ्टी पिना गोदामातच ठेवाव्यात, त्याही त्याच कंपनीच्या आणि त्याच मापाच्या, कारण एकाची खाच दुसऱ्याला बसेलच असे नाही. प्रत्येक खांबाला क्रमांक असावा, म्हणजे चालकाला लांबलचक अर्ज लिहावा लागणार नाही. क्रमांक, वेळ आणि मोबाइलवरचा फोटो पुरे. कप्पा बंद करण्याचा अधिकार मात्र पाळीच्या सुपरवायझरकडेच हवा. रात्री दोन वाजता वरिष्ठांचा फोन लागेपर्यंत त्या गल्लीत माणसे काम करतच असतात.